पाच एचपीला लाजवणारा स्पीकर

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेच्या शेतकऱ्याला वॉट म्हणजे काय हे शिकवायला जाऊ नये. विहिरीवर तीन एचपीची मोटर पुरेल की पाचची लागेल, केबल किती जाडीची टाकावी, डीपीवर लोड वाढला की मोटर कशी घोंगावते, हे त्याला पुस्तक न उघडता कळतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. पाच एचपी म्हणजे ३,७३० वॉट. एवढ्या ताकदीवर विहिरीतलं पाणी वर येऊन वावरात पोचतं.

हाच माणूस फवारणी करताना गाणी ऐकायला ब्लूटूथ स्पीकर घ्यायला जातो, तेव्हा मात्र त्याचं हे सगळं ज्ञान दुकानाबाहेर चपलांशेजारी राहतं. मुठीत मावणाऱ्या डब्यावर ‘२० वॉट’ लिहिलेलं असतं, चाकाच्या ट्रॉली स्पीकरवर त्याच्या कितीतरी पट. दोन्ही आकडे तो मुकाट मान्य करतो.

ही फसवाफसवी जुनी आहे. कॅसेट प्लेअर आणि कॉम्प्युटर स्पीकरच्या जमान्यात खोक्यांवर पीएमपीओ नावाचा आकडा झळकायचा. क्षणार्धासाठी कधी काळी निघू शकेल अशी कमाल ताकद, असा त्याचा साधारण अर्थ. ती कशी मोजायची याचं सर्वमान्य प्रमाण नव्हतं, त्यामुळे हजारोंचे आकडे सर्रास छापले जात. घरातला साधा सहा अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॉट देतो. तरी त्याच प्लगवरचा डबा पाण्याच्या मोटरला मागे टाकायचा, निदान खोक्यावर तरी! आता पीएमपीओ मागे पडला, त्याच्या जागी ‘पीक’ आणि ‘मॅक्स’ आले. खरा उपयोगाचा आकडा सतत मिळणाऱ्या ताकदीचा. बाजारात त्याला आरएमएस म्हणतात. पण तो आवाज किती फाटेपर्यंत मोजला, हे सांगितलं नसेल तर त्यातही गडबड करता येते.

छोटा स्पीकर उघडला की आत दंडगोलाकार लिथियम सेल दिसतो. त्यावर ३.७ व्होल्ट, २,००० एमएएच असं लिहिलेलं असेल, तर त्यात साठलेली ऊर्जा ७.४ वॉट-तास. तो खरोखर सतत २० वॉटने वाजला, तर सगळं नुकसान सोडूनही २२ मिनिटांत गार पडेल. खोक्यावर मात्र ‘१० तास’ असतं. दहा तास चालला, तर त्याने सरासरी पाऊण वॉटसुद्धा खर्च केला नाही. गाण्यात ठोका मोठा आणि सरासरी लहान असते, आवाजही कुणी सारखा पूर्ण ठेवत नाही. त्यामुळे दहा तासांचा दावा खोटाच असेल असं नाही. पण वीस वॉट आणि दहा तास एकाच वेळी हाती लागत नाहीत.

व्होल्टेजचीही मर्यादा आहे. पीएएम८४०३ नावाची स्वस्त अँप्लिफायर चिप अशा डब्यांत नेहमीची. पाच व्होल्टवर, चार ओहमच्या कर्ण्यात, एका बाजूला साधारण तीन वॉट एवढीच तिची मजल, तीही आवाज फाटू लागल्यावर. ट्रॉली स्पीकरमध्ये बरेचदा १२ व्होल्टची बॅटरी असते. व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल, तर चार ओहमच्या एका कर्ण्याला त्यातून स्वच्छ आवाजाचे फार तर १८ वॉट मिळतात. बाकीचे वॉट रंगीत दिव्यांनी पाडलेला उजेड समजावा.

शिवाय वॉट म्हणजे आवाज नव्हे. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. तो दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. उघड्या वावरात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. म्हणूनच मोठ्या कर्ण्याचा, घट्ट खोक्याचा दहा वॉटचा स्पीकर वीस वॉटच्या डबीला खुशाल हरवू शकतो.

अमेरिकेत घरगुती अँप्लिफायरच्या अशाच फुगवलेल्या आकड्यांना वैतागून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला आणि २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून चाचणीच्या अटी एकसारख्या केल्या. आपल्याकडे ब्लूटूथ स्पीकरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, पण ती सुरक्षिततेपुरती. शॉक लागणार नाही, आग लागणार नाही, एवढं ती पाहते. छापलेले वॉट खरे की खोटे, हा तिचा विषय नाही. तो व्हायला हवा. सतत मिळणारी ताकद, ती मोजताना आवाज किती फाटला आणि बॅटरीचे वॉट-तास, हे तिन्ही आकडे खोक्यावर सक्तीने छापायला कंपन्यांना फार तर शाईचा खर्च येईल. पाण्याच्या मोटरच्या पाटीवर एचपी, व्होल्ट, अँपिअर सगळं कोरलेलं असतंच की.

तोवर दुकानदाराला बॅटरी किती व्होल्टची आणि किती एमएएचची, एवढं विचारा. एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणलं की वॉट-तास निघतात. दाव्याप्रमाणे वस्तू निघाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिल जपून ठेवा, आणि खोकंही फेकू नका, आकडा त्याच्यावरच छापलेला असतो.