आणणारा एक, उपटणारा दुसरा

उन्हाळ्यात पुण्यातली मुळा-मुठा जलपर्णीने भरते, डास घोंघावू लागतात, ती काढण्याच्या निविदा निघतात आणि आपण महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. मोडायलाच हवीत, नदीत सांडपाणी सोडलं नसतं तर ती एवढी माजली नसती. पण दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती इथे आणली कुणी? जांभळी फुलं आवडलेल्या हौशी लोकांनी. घाणेरीचंही तेच. 1809 च्या सुमारास इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली. आज ती देशभरच्या जंगलांत घुसली आहे, आणि जिथे ती दाटते तिथे गुरांना गवत मिळत नाही.

गाजरगवत तर थेट सरकारी खात्यावर मांडलं जातं. सरकारने अमेरिकेहून मागवलेल्या गव्हातून ते आलं असं मानतात. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. आता ते कुठल्या बांधावर नाही? त्याला खाणारा भुंगेरासुद्धा पुढे मेक्सिकोहूनच आणावा लागला. आणि खुरपणाऱ्या बाईच्या हाताला सुटणारी खाज कुठल्याच हिशेबात धरलेली नाही.

या विषयावर कुठेही बोला, शेवटी ‘नागरिकांनी जागरूक व्हावं’ यावर गाडी येते. मला हे पटत नाही. नर्सरीत शंभर रुपयांचं रोप घेणाऱ्याला ते पुढे रान गिळेल हे कसं कळावं? तिथे तसं कुणी लिहून ठेवत नाही. टेकडीवर कॉसमॉसचं बी उधळून फोटो काढणाऱ्यांना मात्र मी सूट देणार नाही. आणि वन खात्यालाही नाही. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून गिरिपुष्प हे परदेशी झाड त्यांनीच लावलं. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खताला ते चांगलं, टेकडीवरच्या गवताळ रानात त्याचं काय काम?

माझ्या मते पहिली जबाबदारी परदेशी रोप आणून विकणाऱ्याची. नफा त्याचा, तर ते निरुपद्रवी आहे हे दाखवणंही त्याच्याकडेच. ऑस्ट्रेलियात 1997 पासून नवी वनस्पती देशात घेण्याआधी 49 प्रश्नांच्या कसोटीवर तपासतात. शंका आली तर प्रवेश नाही. आपल्याकडे आयात रोपांच्या विलगीकरणाचे नियम आहेत, पण त्यांचं लक्ष मुख्यतः रोपाबरोबर येणाऱ्या कीड-रोगांवर. रोपच उपद्रवी निघालं तर?

दारावरचा पहारा मात्र सरकारचाच. गुजरातने 2023 मध्ये कोनोकार्पस हे परदेशी झाड लावायला बंदी केली, म्हणजे राज्यांनी मनावर घेतलं तर जमतं. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने केंद्रालाही अशा उपद्रवी परक्या प्रजातींची आयात, बाळगणं आणि प्रसार रोखण्याचा अधिकार मिळाला आहे. तो वापरा. झाडांची नावानिशी यादी करा आणि ती मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक नर्सरीच्या दारावर लावा.