वर्गणीची डिजिटल शाळा नको, हक्काची हवी

महाराष्ट्रातील शिक्षक, मुख्याध्यापक, शिक्षणाधिकारी, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि पालक यांच्यासाठी पत्रक

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांत गेल्या दहा-बारा वर्षांत संगणक, प्रोजेक्टर, टॅब आणि दूरदर्शन संच यांच्या रूपाने जे डिजिटल साहित्य आले, त्यातील मोठा वाटा शिक्षकांनी पगारातून काढलेल्या पैशांतून, ग्रामस्थांनी दिलेल्या वर्गणीतून आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून उभा राहिला आहे. ज्यांनी हे साहित्य मिळवून दिले त्या माणसांबद्दल या पत्रकात आदरच आहे. परंतु त्यांच्या त्यागाचे कौतुक करता करता शासनाने आपल्या अंगावरची जबाबदारी हलकेच उतरवून ठेवली, आणि ज्या गावात वर्गणी जमू शकत नाही त्या गावातील मूल त्यामुळे आणखी मागे पडले, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे. शैक्षणिक नेतृत्वाने यापुढे देणगीदारांचे दार वाजवणे थांबवून अंदाजपत्रकात हक्काची तरतूद मागावी, हे या पत्रकाचे म्हणणे आहे.

डिजिटल समता म्हणजे प्रत्येक शाळेला एकसारखे यंत्र वाटणे नव्हे. वापरण्याजोगे उपकरण, खंड न पडणारी वीज, इंटरनेटची जोडणी, मुलाला समजेल अशा भाषेतील आशय आणि या सर्वांचा शिकण्यासाठी उपयोग करून घेऊ शकणारा शिक्षक, या पाच गोष्टी प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेच्या प्रमाणात मिळणे म्हणजे डिजिटल समता होय. गरजेच्या प्रमाणात हे शब्द येथे कळीचे आहेत, कारण पुण्यातील ज्या मुलाच्या घरी लॅपटॉप आणि वायफाय आहे त्याला शाळेतून काही कमी मिळाले तरी त्याचे फारसे अडत नाही, पण धडगाव, मेळघाट किंवा भामरागड येथील ज्या मुलाच्या घरी यातले काहीही नाही, त्याच्यासाठी शाळा हाच एकमेव मार्ग असतो.

22 जून 2015 रोजी राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला आणि त्याच्या पाठोपाठ शाळा डिजिटल करण्याची चळवळ गावोगावी पसरली. त्याआधीच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या छोट्या शाळेने डिजिटल वर्ग उभारून दाखवला होता, तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा जो प्रयोग केला तो पुढे राज्याने स्वीकारला, आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हे शिक्षक कोणत्याही पदाची वाट न पाहता नेतृत्व करत होते. मात्र त्यांच्या यशातून शासनाने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. एका शिक्षकाला जे जमले ते सर्वांना जमावे, असे मानून उद्दिष्टे खाली पाठवली गेली आणि पैसा मात्र गावाने उभा करावा, अशी अपेक्षा राहिली.

वर्गणीलाही भूगोल असतो, याचा येथे विसर पडला. बागायती ऊस, सहकारी कारखाना आणि मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेली माणसे ज्या गावाच्या पाठीशी आहेत, ते गाव एका ग्रामसभेत लाखभर रुपये जमवू शकते. पण ज्या गावातील निम्मी घरे दिवाळीनंतर कुलूपबंद करून कोयता घेऊन त्याच उसाच्या फडावर जातात, त्या बीड जिल्ह्यातील गावाने किंवा वनहक्काच्या दाव्याचा निकाल लागण्याची वाट पाहणाऱ्या आदिवासी पाड्याने वर्गणी कोणाकडे मागायची? ज्या गावाची ऐपत मोठी त्याच्या शाळेला साहित्य अधिक आणि ज्याची गरज मोठी त्याच्या शाळेला कमी, अशी उलटी वाटणी लोकसहभागाच्या गोड नावाखाली राज्यभर झाली. सामाजिक दायित्व निधीचेही तसेच असते. कारखाना जेथे असतो त्याच्या आसपासच तो बहुधा खर्च होतो आणि कारखाने दुर्गम तालुक्यांत नसतात.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या वाटणीचे परिणाम उघडे पडले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या 75 व्या फेरीनुसार देशाच्या ग्रामीण भागात केवळ 4.4 टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि 14.9 टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. हे आकडे शासनाच्याच हाती असताना शिक्षण मोबाइलवरून सुरू ठेवण्याचा निर्णय झाला. सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेने, पालघरच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून चाललेल्या वर्गांनी आणि सोलापुरात घरांच्या भिंतींवर रंगवलेल्या धड्यांनी पोकळी काही प्रमाणात भरली, आणि यांतील बरेचसे काम इंटरनेटवाचून झाले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीच्या 2021 मधील अहवालाने ग्रामीण भारतातील 67.6 टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे नोंदवले, पण त्याच घरांतील 26.1 टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता, कारण अनेक घरांत फोन वडिलांसोबत कामावर जात होता. 2023 च्या अहवालात 14 ते 18 वयोगटातील जी मुले-मुली स्मार्टफोन वापरू शकतात, त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के आढळल्या. घरातील फोन म्हणजे मुलीच्या हातातील फोन नव्हे, आणि म्हणूनच घरच्या उपकरणावर विसंबलेले कोणतेही धोरण मुलींवर अन्याय केल्याशिवाय राहत नाही.

या अन्यायाचे मूळ कायद्यातच आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत, म्हणजे प्रत्येक शाळेत किमान काय असावे याच्या यादीत, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण आणि ग्रंथालय आहे. वीज नाही, संगणक नाही, इंटरनेट नाही. जे कायद्यात नाही ते अनुदानातही तोकडेच पडते. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठी जे एकत्रित अनुदान मिळते, ते 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला 10,000 रुपये आहे आणि त्यातील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावा लागतो. उरलेल्या 9,000 रुपयांत, म्हणजे महिन्याला 750 रुपयांत, खडू, दुरुस्ती, विजेचे बिल आणि इंटरनेट हे सारे भागवायचे असते. बिल थकल्यामुळे शाळांची वीज तोडली गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहतात, आणि ज्या गावाने वर्गणीतून प्रोजेक्टर घेतला तेथेही तो कपाटात पडून राहतो. यंत्र एकदा देणगीतून येऊ शकते, पण दरमहा येणारे बिल कोणीही देणगीदार भरत नाही.

केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटद्वारे, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेणाऱ्या योजनेद्वारे, ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. घोषणा स्वागतार्ह आहे, पण महाराष्ट्रातील शाळांची रचना ज्याला ठाऊक आहे त्याला तिच्यातील उणीव लगेच दिसेल. या राज्यात माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांतून चालते आणि जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा पहिली ते चौथी किंवा सातवी-आठवीपर्यंतच्या आहेत. त्यामुळे ‘सरकारी’ आणि ‘माध्यमिक’ या दोन्ही अटी शब्दशः लावल्या तर गरिबांची मुले जेथे शिकतात त्या शाळांपैकी फार थोड्या शाळांना हा लाभ मिळेल. राज्याच्या शिक्षण विभागाने केंद्राकडे हा प्रश्न लेखी मांडून प्राथमिक आणि अनुदानित शाळांचा समावेश करून घेतला पाहिजे. प्रकाशतंतू ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आलेला असेल तर तो काहीशे मीटर पुढे शाळेत नेणे हे तंत्राचे अवघड काम नव्हे. त्यासाठी अधिकाऱ्याच्या इच्छाशक्तीची गरज आहे.

दुसरीकडे, शासनाला शाळेकडून मिळणाऱ्या माहितीच्या बाबतीत मात्र सारे काही डिजिटल झाले आहे. सरल प्रणालीतील विद्यार्थ्यांच्या नोंदी, यूडायस प्लसचे अर्ज, आधारची जुळणी, पोषण आहाराची रोजची माहिती हे सर्व ऑनलाइन भरावे लागते, आणि ज्या शाळेत जोडणी नाही तेथील शिक्षक ते स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या पैशाने, कधी रेंजसाठी टेकडीवर जाऊन भरतो. नोंद अपुरी राहिली तर संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या प्रक्रियेत, शाळेचे पदच जाण्याची भीती असते. जे शासन शाळेकडून ऑनलाइन हिशेब मागते त्याने शाळेला जोडणी द्यायलाच हवी, ही मागणी कोणत्याही न्यायाने टिकणारी आहे.

शिक्षणात पडदा नकोच, आधी वाचन-लेखन पक्के करा, असा एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून रोज संध्याकाळी भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि दूरदर्शन बंद ठेवण्याची प्रथा पाडली, ती योग्यच आहे. ‘असर’च्या 2024 च्या अहवालातही 14 ते 16 वयोगटातील 76 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोन समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे आणि 57 टक्के मुलांनीच तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरल्याचे दिसते. मात्र या आकड्यांचा अर्थ उपकरण काढून घ्यावे असा होत नाही. मार्गदर्शक शिक्षकाविना उपकरण हाती आले तर काय होते, ते हे आकडे सांगतात. म्हणून पडद्याच्या भरवशावर शिक्षकाचे पद रिकामे ठेवणे, किंवा 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून समूहशाळांत मिसळताना तेथील डिजिटल सोयींची भुरळ घालणे, याला डिजिटल समतेच्या नावावर कोणीही मान्यता देऊ नये. भाषेचा प्रश्नही येथेच येतो: कोरकू, गोंडी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलासमोर प्रमाण मराठीतील चित्रफीत लावली तर त्याच्यापर्यंत केवळ आवाज पोहोचतो. अंध मुलाला छापील पानाचे नुसते छायाचित्र असलेली पीडीएफ दिली, तर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही मुके होते.

केरळने वेगळा मार्ग धरला. 2001 मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल या प्रकल्पाचे पुढे काईट या शासकीय कंपनीत रूपांतर झाले, आणि उपकरणे, शिक्षकांचे प्रशिक्षण, मुक्त सॉफ्टवेअर आणि मल्याळम आशय या सर्वांची जबाबदारी एका कायम यंत्रणेकडे आली; आठवी ते बारावीचे सुमारे 45,000 वर्ग त्यातून सज्ज झाले. तेथीलच उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये, वसतिगृहातील मोबाइलबंदीविरुद्ध एका विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला. केरळची परिस्थिती महाराष्ट्राहून भिन्न आहे हे खरे, पण महाराष्ट्राची आर्थिक ताकद केरळहून कमी आहे असे कोणी म्हणणार नाही.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी, रयतेच्या श्रमातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची आबाळ होते, हे ठामपणे मांडले होते. 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले तेव्हा त्याच्या खर्चाची तरतूद संस्थानाने केली, ती गावाच्या वर्गणीवर सोडली नाही. या परंपरेचे नाव घेणाऱ्या राज्यात शैक्षणिक नेतृत्वाची कसोटी साधी असावी. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने जिल्ह्यात किती टॅब वाटले हे न सांगता, सर्वांत दूरच्या पाड्यावरील शाळेत आठवड्यात किती तास वीज आणि जोडणी होती, हे जाहीर करावे. गटशिक्षणाधिकाऱ्याने नवे साहित्य आधी तेथे पाठवावे जेथे वर्गणी जमत नाही. केंद्रप्रमुखांची रिकामी पदे भरावीत, कारण दहा-बारा शाळांमागे दुरुस्ती आणि मार्गदर्शन यांची काळजी घेणारा तोच एक माणूस असतो. आणि मुख्याध्यापकाने स्वतःच्या खिशातून भरलेल्या प्रत्येक इंटरनेट बिलाची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात करावी, म्हणजे शासनावर चढलेले हे ऋण कागदावर दिसेल.

ज्यांच्या हाती हे पत्रक पडेल त्यांनी येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत: शाळेचे विजेचे बिल कोण भरते, ग्रामपंचायतीपर्यंत आलेली भारतनेटची तार शाळेत का नाही, आणि ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या किंवा, आदिवासी क्षेत्रात, पेसाच्या निधीतून या वर्षी शाळेच्या वाट्याला काय आले. उत्तरे ठरावात लिहून घ्यावीत आणि त्या ठरावाची प्रत जिल्हा परिषदेला, तसेच मतदारसंघाच्या आमदारांना, पोच घेऊन द्यावी.