स्टेडियम राष्ट्राचे, मक्ता कंपन्यांचा

पॅरिसच्या उत्तर सीमेला लागून सँ-दनी हे शहर आहे. फ्रान्सचे राजे तेथील प्राचीन चर्चमध्ये चिरनिद्रा घेत आहेत, आणि युरोपीय भूमीवरील फ्रान्समधला सर्वांत दरिद्री जिल्हा त्यांच्या उशाशी नांदतो आहे. दीर्घकाळ कम्युनिस्ट नगरपालिका असलेल्या या कामगारवस्तीत, बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या जमिनीवर, २८ जानेवारी १९९८ रोजी ‘स्ताद द फ्रान्स’ या राष्ट्रीय स्टेडियमचे उद्घाटन झाले. सुमारे ८०,००० प्रेक्षकांची सोय. फुटबॉल, रग्बी आणि गाण्याचे जंगी जलसे एकाच जागी. मैदानी शर्यतींसाठी खालच्या २५,००० आसनांचा सज्जा पंधरा मीटर मागे सरकतो. त्याच वर्षी १२ जुलैला फ्रान्सने येथे ब्राझीलला ३-० असे हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्रीच्या जल्लोषात हिशेब विचारण्याचे कोणाला सुचणार?

हिशेब मात्र विचारण्याजोगा होता. विश्वचषकाचे यजमानपद १९९२ मध्ये मिळाले आणि त्यासाठी मोठे स्टेडियम अपरिहार्य ठरले. बालादुर सरकारने २९ एप्रिल १९९५ रोजी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीला जेमतेम आठवडा उरला असताना, ब्वीग आणि पुढे व्हँसी या नावाखाली एकत्र आलेल्या बांधकाम कंपन्यांच्या संघाशी करार केला. स्टेडियम बांधायचे, तीस वर्षे चालवायचे आणि मग सरकारला परत करायचे. महाराष्ट्रातील वाचकाला ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हा मंत्र टोलनाक्यांमुळे तोंडपाठ आहे. बांधकामाच्या खर्चाचा सुमारे निम्मा वाटा सरकारी तिजोरीतून गेला. उरलेले भांडवल खाजगी. आणि तेवढ्या भांडवलावर खाजगी उद्योगाच्या साहसाचे पोवाडे गायले गेले.

या साहसाचे स्वरूप करारातील एका कलमात दिसते. एवढे प्रचंड मैदान राष्ट्रीय संघांच्या मोजक्या सामन्यांवर चालत नाही. त्याला पंधरवड्या-पंधरवड्याने खेळणारा घरचा क्लब हवा. पॅरिस सँ-जर्मां हा क्लब येईल अशी आशा होती. तो आला नाही. पॅरिस महापालिकेच्या मालकीचे पार्क दे प्रँस हे आपले जुने मैदान त्याने सोडले नाही. तेव्हा करारानुसार, घरचा क्लब नसल्याची नुकसानभरपाई सरकारने कंपन्यांना द्यायची होती. जो संघ कधी खेळलाच नाही, त्याच्या न खेळण्याचे पैसे फ्रान्सच्या करदात्याने एका दशकाहून अधिक काळ मोजले. १८९७ साली स्थापन झालेला रेड स्टार हा शेजारच्या सँ-तुआँ गावातला कामगारवस्तीचा क्लब आहे; परंतु लाल ताऱ्याच्या आधारावर ८०,००० खुर्च्या भरत नाहीत, आणि कंपन्यांच्या हिशेबात त्याला स्थानही नव्हते.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात की नफा हे जोखमीचे मोल असते. ठीक आहे, क्षणभर तसे मानू. मग जेथे जोखीम सरकारने उचलली, तेथे कंपन्यांच्या पदरात पडलेला नफा कशाचे मोल होता? छापा पडला तर आमचा, काटा पडला तर तुमच्याकडून भरपाई, अशा अटीवर पैसा लावणाऱ्याला उद्योजक म्हणावे, तर मग सावकाराला कोणते नाव उरते? निदान सावकाराला ऋणको बुडण्याची धास्ती असते. येथे ऋणको म्हणजे साक्षात राज्यसंस्था. ती बुडत नाही, आणि मागितले तेव्हा देते.

न्यायसंस्थेला या करारात खोट दिसली नाही असेही नाही. पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने जुलै १९९६ मध्ये करारावर सही करण्याचा निर्णयच रद्द ठरवला. पुढे काय झाले? डिसेंबर १९९६ मध्ये संसदेने खास कायदा करून तोच करार वैध ठरवला. विश्वचषक तोंडावर आला होता, खांब उभे राहत होते. घाई हे मक्तेदाराचे सर्वांत स्वस्त भांडवल असते.

यावर स्टेडियमचे समर्थक म्हणतात की सँ-दनीचा कायापालट झाला. वस्तीला दुभंगून जाणारा हमरस्ता झाकला गेला, नवी रेल्वे स्थानके आली, ओसाड कारखान्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या. हे खरे आहे, आणि त्याचे श्रेय आग्रह धरणाऱ्या नगरपालिकेला द्यायलाच हवे. परंतु हमरस्ता झाकला आणि स्थानके बांधली ती सार्वजनिक पैशाने. मक्त्याच्या पद्धतीमुळे गावाला काय मिळाले, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर समर्थक देत नाहीत. कचेऱ्यांमध्ये सकाळी येणारे सायंकाळी पॅरिसला परततात. जिल्ह्याची गरिबी जिल्ह्यातच राहते.

भाड्याचा जाच रग्बी महासंघालाही इतका झाला, की त्याने पॅरिसच्या दक्षिणेस स्वतःचे स्टेडियम बांधण्याचा घाट घातला. ती योजना डिसेंबर २०१६ मध्ये गुंडाळली गेली. एका अर्धरिकाम्या राष्ट्रीय स्टेडियमवर उतारा म्हणून दुसरे अवाढव्य स्टेडियम!

ऑगस्ट २०२५ मध्ये तीस वर्षांचा मक्ता संपला. राष्ट्राचे स्टेडियम राष्ट्राने स्वतः चालवून पाहावे, महासंघांना आणि जिल्ह्यातील शाळांना, क्लबांना कारभारात वाटा द्यावा, याची तीच वेळ होती. सरकारने ते जीएल इव्हेंट्स या कंपनीच्या स्वाधीन केले, पुन्हा तीस वर्षांसाठी. घरचा क्लब अजूनही नाही.