आवाजाला कायमचा पत्ता हवा

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला आम्ही एक लहानसे काम दिले होते. घरातील वडीलधाऱ्यांना आवडलेला नभोवाणीवरील एखादा कार्यक्रम शोधून काढावा, तो आज इंटरनेटवर कोठे ऐकावयास मिळतो त्याचा दुवा वहीत उतरवावा आणि त्याखाली आपले चार शब्द लिहावेत, एवढेच ते काम. वह्या आल्या. कोणी गीतरामायण लिहिले होते, कोणी ‘आपली आवड’, तर कोणी विविध भारतीवरील गाणी. एका विद्यार्थिनीच्या वहीत मात्र वेगळीच नोंद होती. तिचे आजोबा खानदेशातील शेतकरी. एका केंद्राच्या शेतीविषयक कार्यक्रमात ते दहा-बारा मिनिटे कापसाविषयी बोलले होते. कार्यक्रम इंटरनेटवर ठेवला गेला, त्याचा दुवा घरातील सर्वांच्या मोबाईलवर फिरला, आणि सर्वांनी तो जपून ठेवला. पुढे आजोबा वारले. वर्षश्राद्धाच्या दिवशी आजींनी त्यांचा आवाज ऐकावयास मागितला, तेव्हा त्या दुव्यावर बोट ठेवताच ‘हे पान सापडत नाही’ एवढेच उत्तर आले. वहीत खाली चार ओळींच्या जागी एकच ओळ होती: “आम्ही दुवा सांभाळला होता, पण दुव्याने आवाज सांभाळला नाही.”

ही ओळ वाचल्यापासून या विषयाने आमची पाठ सोडलेली नाही. वार्षिकांकाच्या पानांवर बहुधा शिस्त, वाचन, स्वच्छता अशा विषयांवर लिहिले जाते. यंदा आम्ही इंटरनेटवरील नभोवाणीच्या दुव्यांवर लिहीत आहोत, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु चलथाणसारख्या गावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. सुरतेहून नंदुरबार-जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर आपले गाव आहे. त्याच वाटेने आपल्यांपैकी कित्येकांचे आईवडील पोटापाण्यासाठी इकडे आले. बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि घरात मराठी किंवा अहिराणी, अशी आपली दिनचर्या आहे. अशा घराला आपल्या भाषेतील आवाज म्हणजे केवळ करमणूक नव्हे. तो माहेरचा निरोप असतो.

आता हे दुवे तुटतात का, ते पाहू. आपणांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, एकदा लिंक मिळाली की वस्तू मिळाली. वस्तुतः सर्व लिंका एका जातीच्या नसतात. थेट प्रसारणाची लिंक ही नदीच्या घाटासारखी आहे. घाट तोच असतो, पण काल वाहून गेलेले पाणी तेथे आज मिळत नाही. आकाशवाणीच्या अ‍ॅपवर अनेक केंद्रांचे थेट प्रसारण ऐकता येते ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ती लिंक वहीत लिहून ठेवल्याने काल सकाळचे भाषण हाती लागावयाचे नाही. दुसरी लिंक ‘ताज्या भागाची’. आज ती जो भाग ऐकवील, तो पुढच्या आठवड्यात ऐकविणार नाही. तिसरी लिंक तात्पुरत्या परवान्यासारखी असते. आपण ‘ऐका’ या खुणेवर बोट ठेवले की, संगणक काही तासांपुरता एक लांबलचक पत्ता तयार करतो, आणि मुदत सरताच तो निकामी होतो. चौथी लिंक आखूड केलेली. ती दिसावयास सुटसुटीत असते खरी. परंतु ती आखूड करणारा मधला दुकानदार दुकान बंद करून गेला, तर मूळ पान शाबूत असूनही आपणांस तेथे जाता येत नाही.

याखेरीज एक पाचवी लिंक असते. ती एकाच कार्यक्रमाच्या एकाच भागाची, त्याच्या स्वतःच्या पानाची असते. हाच खरा कायमचा पत्ता, आणि आपण शोधावयाचा तो हाच. तोसुद्धा कायम राहील की नाही हे मात्र तंत्रावर अवलंबून नसते, तर पान ठेवणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली एका छोट्या लेखात हेच सांगितले होते: पत्ते आपण होऊन बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. नवे अधिकारी येतात, नवी मांडणी करावी असे त्यांस वाटते, आणि जुनी पाने नव्या घरात जाताना मागे पत्ता ठेवून जात नाहीत. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली पाहणी केली, तेव्हा २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडेनाशी झालेली आढळली. हा आकडा साध्या पानांचा आहे.

कोणी म्हणेल, नभोवाणी ही जन्मतःच क्षणभंगुर; बोलले आणि हवेत विरले, यातच तिची गोडी. आम्हांस हे मान्य नाही. महात्मा गांधी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात जाऊन बोलले ते एकदाच, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांसाठी. तो आवाज मुद्रित झाला आणि जपला गेला, म्हणून आज आपण तो ऐकू शकतो. आणि तो दिवस आता लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. जपणारा कोणी नसता तर आपल्या हाती केवळ वर्तमानपत्रातील वृत्तान्त उरला असता.

मराठीतील उदाहरण घ्यावयाचे तर गीतरामायणाचे घ्यावे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडके यांनी स्वर द्यावा आणि दर आठवड्याला एक नवे गीत श्रोत्यांस मिळावे, असा तो क्रम वर्षभर चालला. गीते झाली छप्पन्न. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके आदी निरनिराळ्या गायकांचे आवाज होते. पुढे घरोघर पोचल्या त्या सुधीर फडके यांच्या एकट्याच्या स्वरातील ध्वनिमुद्रिका. आमच्या विद्यार्थ्यांनी ‘गीतरामायण’ म्हणून जे दुवे वहीत उतरविले होते, ते जवळजवळ सर्व या नंतरच्या ध्वनिमुद्रिकांचे होते. आजोबांनी १९५५ साली ऐकलेले गीत आणि नातवाने आज शोधलेले गीत शब्दांनी एकच, पण आवाजाने निराळे! यावरून लक्षात यावे की, दुवा नुसता उघडला म्हणजे काम झाले नाही. कोणते मुद्रण, कोणत्या केंद्राचे, कोणत्या दिवशीचे, हे त्या पानाने सांगितले पाहिजे. पत्त्यासोबत ओळखही हवी.

हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. ब्रिटनच्या बी.बी.सी.ने २००७ सालापासून प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रत्येक भागास एक स्वतंत्र खूण आणि स्वतःचे पान देण्याची पद्धत सुरू केली. कार्यक्रम ऐकण्याची मुदत संपली तरी पान राहते; कार्यक्रमाचे नाव, प्रसारणाची तारीख आणि थोडी माहिती तेथे वाचता येते. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्याच शाळेच्या कार्यालयात पाहा. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक मिळतो. तो विद्यार्थी शाळा सोडून गेला तरी तो क्रमांक दुसऱ्या कोणास दिला जात नाही. तीस वर्षांनी एखादा गृहस्थ दाखला मागावयास येतो, आपला क्रमांक सांगतो आणि लिपिक दोन मिनिटांत पान उघडून देतो. ग्रंथालयातील पुस्तकांचा दाखलअंकही असाच. पुस्तक हरवले तर नोंदवहीत ‘हरवले’ असा शेरा पडतो, पण ओळ खोडली जात नाही. खेड्यातील शाळा कागद आणि शाईने जे करू शकते, ते संगणक बाळगणाऱ्या मोठ्या संस्थांना का करता येऊ नये?

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप कलावंतांच्या हक्कांचा. गायक, लेखक, वादक यांचे मानधन आणि करार ठरावीक प्रसारणापुरते असतात. सर्व काही सर्वकाळ फुकट ऐकवावे असे म्हणणे म्हणजे त्यांच्या ताटातील घास काढून घेणे होय. हा आक्षेप रास्त आहे. परंतु आमची मागणी आवाज फुकट मिळावा अशी नसून पत्ता कायम असावा अशी आहे. करार संपला तर ध्वनी खुशाल काढून घ्यावा. पण पान राहू द्यावे आणि तेथे लिहावे की, हा कार्यक्रम अमुक दिवशी झाला, यात अमुक माणसे बोलली, आणि तो ऐकावयाचा असल्यास अमुक ठिकाणी विचारणा करावी. दुसरा आक्षेप खर्चाचा. ध्वनी साठविण्यास जागा लागते हे खरे. परंतु माहितीच्या एका पानास लागणारी जागा नगण्य असते. संकेतस्थळ नवे केले तरी जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर वाचकास आपोआप नेण्याची सोय तंत्रज्ञांस चांगली ठाऊक आहे. जी प्रसारणे लोकांच्या पैशातून चालतात, त्यांच्यावर तरी हे बंधन असावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र दुसऱ्यांस उपदेश करून आपण स्वस्थ बसावे, हे शाळेच्या मासिकास शोभत नाही. आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. दुवा उतरविताना ध्वनी वाजत असलेल्या खिडकीतील पत्ता न घेता त्या भागाचे स्वतंत्र पान शोधावे. ‘शेअर’ असे लिहिलेल्या खुणेतून बहुधा तेच मिळते. पॉडकास्ट असेल तर साऱ्या मालिकेचा पत्ता घेऊ नये, एका भागाचाच घ्यावा. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर लांब शेपटी असल्यास ती काढून पाहावी. तरीही तेच पान उघडले, तर ती अनावश्यक समजावी. यूट्यूबवर प्रत्येक ध्वनिचित्रफितीची ओळख अकरा अक्षरांची असते. शीर्षक बदलले तरी ती बदलत नाही, म्हणून ती अचूक लिहून घ्यावी. मग तोच दुवा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून पाहावा. पान महत्त्वाचे असेल, तर १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये त्याची प्रत करून ठेवता येते, मात्र त्या प्रतीत ध्वनी येईलच अशी खात्री बाळगू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुव्याशेजारी कार्यक्रमाचे नाव, केंद्र, तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव शाईने लिहावे. दुवा ही किल्ली आहे. किल्ली हरवली तरी घर कोणते ते आठवत असेल, तर निदान दार ठोठावता येते.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. त्या विद्यार्थिनीच्या घरून संबंधित केंद्राकडे विचारणा झाली, तेव्हा साहजिकच पहिला प्रश्न आला: “कार्यक्रमाची तारीख कोणती?” ती कोणालाच ठाऊक नव्हती. आजी एवढेच म्हणाल्या की, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सारे रेडिओभोवती बसलो होतो, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. तारखेवाचून काम अडले. तेव्हा वर्गातील एका मुलाने तो मेलेला दुवा फळ्यावर लिहावयास सांगितला. त्याच्या शेवटी आठ आकडे होते. मुलगा म्हणाला, “गुरुजी, हे वर्ष, हा महिना आणि हा दिवस तर नव्हे?” त्या वर्षीचे पंचांग काढले. पोळा आदल्या दिवशी होता! वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. आजींची आठवण आणि यंत्राचे आकडे असे एकमेकांस येऊन मिळाले.

तारीख घालून अर्ज गेला आहे. हे पान छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. मुद्रण जपलेले असेल तर ते मिळेल. नसेल तर मिळणार नाही. परंतु त्या घरात आता निदान एवढी ओळ कायमची लिहिलेली आहे की, आपले आजोबा अमुक दिवशी, अमुक कार्यक्रमात, कापसाविषयी बोलले होते.

मराठीत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक साखळीचा, दुसरा आशीर्वादाचा. मागच्या पिढीचा आवाज पुढच्या पिढीला ऐकू येणे, यात दोन्ही अर्थ एकत्र येतात. विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत आपल्या आजी-आजोबांपाशी बसा, त्यांनी काय ऐकले आणि कधी ऐकले ते विचारा, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून काढा. पुढील वर्षी त्या वह्या आम्ही शाळेच्या ग्रंथालयात दाखल करून घेऊ, आणि प्रत्येकीला दाखलअंक देऊ.