पोर मठ्ठ नाही, त्याला वेळ हवा

मायबहिणींनो, सहामाहीचे प्रगतिपुस्तक घरी आले की पुष्कळ घरांत पोराच्या पाठीत धपाटा बसतो. "शिकवणी लावली, वह्या घेतल्या, तरी वाचता येत नाही. मठ्ठ आहेस!" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण हेच पोर तोंडी विचारले तर सगळे सांगते, दुकानातला हिशेब चोख ठेवते, बिघडलेला पंखा उघडून नीट करते. फक्त पुस्तक समोर आले की अडखळते. मग ते मठ्ठ कसे?

अशा काही मुलांना डिस्लेक्सिया असतो. हे वेड नव्हे, आळसही नव्हे. बुद्धी चांगली असते, पण अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड लवकर बसत नाही. वाचन संथ होते, जोडाक्षरे गळतात, काना-मात्रा चुकतात, फळ्यावरचे उतरवून घेईपर्यंत तास संपतो. काहींना लिहिण्यात, काहींना गणितात अशीच अडचण येते. या सर्वांना मिळून अध्ययन अक्षमता म्हणतात. ती गोळीने जात नाही, पण निराळ्या पद्धतीने शिकवले तर मूल पुढे जाते.

खरी कसोटी परीक्षेत लागते. उत्तर डोक्यात असते, पण प्रश्न वाचण्यातच वेळ जातो. म्हणून महाराष्ट्र शासनाने १९९६ सालीच शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. शाळेने ही अडचण लवकरात लवकर ओळखावी, असे त्यात सांगितले आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचीही तरतूद आहे. जादा वेळ साधारण तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास मिळतो.

मात्र हे आपोआप होत नाही. दाखला लागतो. आधी मुलाचे डोळे व कान तपासून घ्या. मग वर्गशिक्षकांना भेटा, मूल नेमके कुठे अडते ते विचारा आणि जुन्या वह्या जपून ठेवा. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे के. ई. एम. आणि नायर या पालिका रुग्णालयांत तपासणी होते. इतरांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. बुद्धीची चाचणी वेगळी, वाचन-लेखनाची वेगळी, त्यामुळे एका फेरीत काम होत नाही. दोन-चार दिवसांच्या रोजावर पाणी सोडावे लागेल. तरी तिसरी-चौथीतच हे करा. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ नको.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका मुलीचे प्रकरण आले. तिला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अडचण होती. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत केंद्रावर तिला जादा एक तास नाकारला गेला. हा अन्याय झाला, असे न्यायालयाने म्हटले, पण फेरपरीक्षा मिळाली नाही. हक्क असूनही तो तास गेला तो गेलाच. म्हणून दाखल्याची प्रत जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि परीक्षेआधी मंजुरीचे पत्र हातात असू द्या.

कुणी म्हणेल, "आमच्या पोराला दिव्यांग कशाला म्हणायचे? लग्नात अडचण येईल." भगिनींनो, मठ्ठ हा शिक्का लागून पोर आठवीत शाळा सोडते आणि नाक्यावर उभे राहते, ती अडचण मोठी की हा कागद? शिवाय सवलत म्हणजे फुकटचे गुण नव्हेत. लेखनिक फक्त लिहितो, उत्तर पोरालाच सांगावे लागते.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. शेजारच्या घरातले असे एखादे पोर तुमच्या एका शब्दाने शाळेत टिकेल.