रिद्धपूरचे विद्यार्थी

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता वऱ्हाडातील महाविद्यालयांतूनही थाटाने भरतात. अमका सनदी सेवेत शिरला, तमका परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर पोचला, तिसऱ्याने स्वतःचा कारखाना काढला, अशी यादी वाचली जाते आणि शाली पांघरल्या जातात. यात वावगे काही नाही. 'नॅक'च्या मूल्यमापनातही विद्यार्थी पुढे कोठे गेले, हा प्रश्न महाविद्यालयांना विचारला जात आला आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथील ज्या मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात झाली, त्यालाही हा जाब आज ना उद्या द्यावाच लागेल. तो कोणत्या मापाने घ्यावयाचा, याचा विचार मात्र आताच झालेला बरा.

रिद्धपूरला विद्यार्थी नवे नाहीत. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नागदेवाचार्य आणि त्यांचा परिवार येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिला. त्या मंडळीने जे केले त्याला आजच्या भाषेत संशोधन हेच नाव द्यावे लागेल. म्हाइंभट शास्त्रपारंगत पंडित होते. पण ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, त्यांच्या तोंडून एकेक प्रसंग मिळवून, त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. महदंबेने 'धवळे' रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. केशिराजबासांनी सूत्रे आणि दृष्टान्त संकलित केले. त्यांची संस्कृतवरील पकड मोठी होती. परंतु संस्कृतात लिहिल्यास पंथातील साध्याभोळ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, या जाणिवेने नागदेवाचार्यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले. विद्यापीठाचे भाषाधोरण म्हणतात ते हेच! पुढे एका धाडीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नष्ट झाली. तेव्हा हिराइसेला ते मुखोद्गत होते म्हणून त्याचा पाठ पुन्हा उभा करता आला, असे परंपरा सांगते. आता महदंबेचा हुद्दा कोणता आणि हिराइसेचे वार्षिक वेतन किती, हे मूल्यमापनाच्या कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

एवढ्यावरून कोणी नव्या विद्यार्थ्यांना निरिच्छतेचे धडे देऊ लागेल, तर तो आमच्या मते शुद्ध दांभिकपणा होईल. नागदेवाचार्यांचा परिवार भिक्षान्नावर राहिला. अचलपूरच्या किंवा दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या मुलीला, ज्या घराने कर्ज काढून शिकविले त्या घराकडे पाठ फिरवून पोथ्या वाचीत बैस, असे सांगण्याचा अधिकार पगारदार वर्गाला मुळीच नाही. मराठी घेऊन मिळणार काय, हा तिच्या वडिलांचा प्रश्न अरसिकाचा प्रश्न नव्हे. तो रास्त प्रश्न आहे.

त्याचे उत्तर वऱ्हाडातच सापडते. बुलढाणा जिल्ह्यातील एका कुणबी घरात १९०८ मध्ये जन्मलेले विष्णु भिकाजी कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ मध्ये भोपाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मेळाव्यात वाचून दाखवावी अशीच ही कारकीर्द. पण अभ्यासक आज त्यांचे नाव घेतात ते 'लीळाचरित्रा'च्या, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपादनासाठी. ज्या वाङ्मयाचा मोठा भाग सांकेतिक लिप्यांच्या कुलुपात विसाव्या शतकापर्यंत बंद होता, त्याच्या अनेक पोथ्या ताडून पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले. हे त्यांना जमले त्याला त्यांची चिकाटी कारण झाली, हे खरे. पण प्राध्यापकाचे निश्चित वेतनही पाठीशी होते, हे विसरता कामा नये. आज कोलत्यांइतकाच व्यासंगी तरुण तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत धावाधाव करतो आणि जूनमध्ये पुन्हा काम मिळेल की नाही याची त्याला शाश्वती नसते. अशा माणसाकडून पाठचिकित्सेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले. रिद्धपूरच्या मठांतील पोथ्यांना मात्र लिपी जाणणारा वाचक हवा आहे. न्यायालयांना नेमका अनुवादक हवा आहे, सरकारी खात्यांना समजेल अशी मराठी लिहिणारा माणूस हवा आहे. कामे तुंबलेली आहेत; पदे निर्माण झालेली नाहीत. पदव्या आधी वाटून नोकऱ्यांचे मागाहून पाहू, ही आपल्या शासनाची जुनी रीत रिद्धपुरात चालणार नाही. हस्तलिखित-वाचक, संपादक आणि अनुवादक यांची कायम पदे विद्यापीठाच्या आस्थापनेत आणि जिल्हा न्यायालयांत मंजूर करावीत, वेतनश्रेणी ठरवावी, आणि पहिली तुकडी बाहेर पडण्यापूर्वी त्यांची जाहिरात वर्तमानपत्रांत आलेली असावी.