सभागृहाला कुलूप लावण्याचा अधिकार एका माणसाला नको

१ ऑक्टोबर २०२५ ते १२ नोव्हेंबर २०२५. अमेरिकेचं संघीय सरकार ४३ दिवस ठप्प होतं. २०१८-१९ मधला ३५ दिवसांचा विक्रम मोडला गेला. सुमारे १४ लाख कर्मचाऱ्यांपैकी जवळपास निम्मे घरी बसवले गेले, उरलेले बिनपगारी राबले. या शटडाऊनचा दोष कुणाचा, यावर भरपूर लिहिलं गेलं. त्याच काळात आणखी एक निर्णय झाला, त्याची चर्चा मात्र कमी झाली. सभापती माइक जॉन्सन यांनी प्रतिनिधिगृहाचं कामकाजच थांबवलं. १९ सप्टेंबरनंतर थेट १२ नोव्हेंबरलाच तिथे मतदान झालं. माझ्या मते लोकशाहीला याची झळ शटडाऊनपेक्षाही खोलवर बसली. का, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. शटडाऊन आणि बंद सभागृह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्चाला मंजुरी न मिळणं हा दोन पक्षांतल्या मतभेदाचा परिणाम होता. सिनेटमध्ये ६० मतं लागतात, ती रिपब्लिकन पक्षाकडे नव्हती. वर्षअखेर संपणाऱ्या आरोग्य विम्याच्या वाढीव सवलती चालू ठेवा, ही डेमोक्रॅट्सची मागणी होती. सिनेटमध्ये तात्पुरत्या खर्चाचं विधेयक चौदा वेळा अडलं. याची जबाबदारी कुणी कुणावरही टाकावी. प्रतिनिधिगृह बंद ठेवण्याची सक्ती मात्र कुणीच केली नव्हती. तो सभापतींनी आपणहून घेतलेला निर्णय होता.

२. ‘आम्ही आमचं काम केलं आहे’ हा बचाव टिकत नाही. जॉन्सन यांचं म्हणणं होतं की, प्रतिनिधिगृहाने १९ सप्टेंबरला विधेयक मंजूर केलं, आता चेंडू सिनेटकडे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. ते विधेयक २१ नोव्हेंबरपर्यंतच्याच खर्चाचं होतं. शटडाऊन लांबत गेला तसा त्याचा उपयोग आटत गेला आणि शेवटी ३० जानेवारीपर्यंतच्या खर्चाच्या नव्या विधेयकावर सभागृहाला पुन्हा मतदान करावंच लागलं. शिवाय वर्षभराच्या खर्चाची बारा विधेयकं असतात. त्यांपैकी तीनच नोव्हेंबरच्या तडजोडीत मार्गी लागली. उरलेल्या नऊ विधेयकांवर वाद घालायला, तोडगा काढायला जवळपास आठ आठवडे हाताशी होते. ते वाया गेले.

३. नियमाचा शब्द पाळला, हेतू मोडला. एका सभागृहाच्या संमतीशिवाय दुसऱ्याने तीन दिवसांपेक्षा जास्त तहकूब राहू नये, असं अमेरिकेचं संविधान सांगतं. म्हणून दर तीन दिवसांनी काही मिनिटांची नावापुरती बैठक भरायची आणि उठायची. डेमोक्रॅट सदस्य बोलायला उभे राहिले, तरी त्यांना न बोलू देता बैठक संपवली गेली. प्रतिनिधींना फार काळ दूर ठेवता येऊ नये म्हणून ही तरतूद आहे. तिचाच आधार घेऊन त्यांना दूर ठेवलं गेलं.

४. ॲरिझोनाच्या मतदारांना सात आठवडे प्रतिनिधी मिळाला नाही. २३ सप्टेंबरला सातव्या मतदारसंघातून ॲडेलिटा ग्रिहाल्वा पोटनिवडणूक जिंकल्या. त्यांचे वडील राउल ग्रिहाल्वा यांच्या निधनामुळे ती जागा रिकामी झाली होती. शपथ झाली थेट १२ नोव्हेंबरला. कामकाज सुरू नाही, असं कारण सभापतींनी दिलं. पण त्याच वर्षी १ एप्रिलला फ्लोरिडातून निवडून आलेल्या दोन रिपब्लिकन सदस्यांना दुसऱ्याच दिवशी, नावापुरत्या बैठकीत शपथ दिली गेली होती. लैंगिक गुन्हेगार एप्स्टीन याच्या प्रकरणाची कागदपत्रं खुली करण्याच्या विधेयकावर मतदान घडवून आणण्यासाठी २१८ सह्या हव्या होत्या आणि ग्रिहाल्वा यांची सही २१८वी ठरणार होती. विलंबाचं खरं कारण हेच, असा विरोधकांचा आरोप होता. जॉन्सन यांनी तो नाकारला. हेतू काहीही असो, सुमारे आठ लाख लोकांना आपला आवाज कधी मिळणार, हे एका माणसाच्या मर्जीवर राहिलं. पुढे कागदपत्रांचं ते विधेयक मतदानाला आलं, तेव्हा ४२७ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं.

५. विधिमंडळाची रिकामी जागा दुसरेच भरतात. खजिन्यातून पैसा काढायचा तर कायदेमंडळाची मंजुरी लागते, हा अमेरिकी संविधानाचा कणा आहे. सभागृह बंद असताना मात्र सैनिकांच्या पगारासाठी संशोधनाचा निधी वळवायचा, हे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ठरवलं. त्याच कामासाठी सरकारने एका खासगी देणगीदाराकडून १३ कोटी डॉलर स्वीकारले. अन्नमदतीवर अवलंबून असलेल्या सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना नोव्हेंबरचे पैसे मिळणार की नाही, याचा खल न्यायालयांत झाला. कुणाला आधी पगार, कुणाच्या ताटात अन्न, हे ठरवण्यासाठीच लोक ४३५ प्रतिनिधी निवडून पाठवतात. सभागृहात यातल्या एकाही निर्णयावर मतदान झालं नाही.

६. वेगळं वागणं शक्य होतं. २०१३ च्या सोळा दिवसांच्या शटडाऊनमध्येही प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाच्याच हाती होतं. तेव्हा सभागृह भरत राहिलं. एकेका खात्यापुरती विधेयकं आली, भांडणं झाली. घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांना मागचा पगार देण्याचं विधेयक तर ४०७ विरुद्ध ० मतांनी मंजूर झालं. भांडणारं सभागृहही बंद सभागृहापेक्षा कितीतरी उपयोगी, हे तिथे दिसतं. २०२५ मध्ये जॉन्सन यांच्याच पक्षातल्या केव्हिन काइली आणि मार्जरी टेलर ग्रीन यांनी सभागृह बोलवा म्हणून उघड मागणी केली. तिची दखल घेतली गेली नाही.

७. भारतातल्या वाचकांनी हे परकं मानू नये. आपल्याकडे अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चासाठी लेखानुदानाची सोय आहे. केंद्रासाठी अनुच्छेद ११६, राज्यांसाठी २०६. अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर सरकार हरलं तर सरकारच जातं, त्यामुळे असा शटडाऊन होत नाही. पण सभागृह बोलावण्याची दोरी आपल्याकडेही मंत्रिमंडळाच्या हाती आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, एवढंच अनुच्छेद ८५ आणि १७४ बजावतात. वर्षाला किमान किती दिवस कामकाज व्हावं, याचं बंधन नाही. संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी किमान १२० आणि राज्यसभेसाठी १०० दिवसांची शिफारस केली होती. ती अमलात आलेली नाही.

८. मग करायला काय हवं? अमेरिकेत तीन गोष्टी लिखित नियमात याव्यात. खर्चाची मंजुरी संपली की दोन्ही सभागृहांनी रोज भरलंच पाहिजे आणि त्या काळात नावापुरती बैठक ग्राह्य धरू नये. निवडून आलेल्या सदस्याला ठरावीक दिवसांत शपथ मिळालीच पाहिजे. सभापती देत नसतील तर दुसऱ्या अधिकाऱ्याने द्यावी. आणि ठरावीक संख्येने सदस्यांनी लेखी मागणी केली, तर सभापतींना सभागृह बोलवावंच लागेल. आपल्याकडे संसद आणि विधानसभांसाठी किमान दिवसांचा कायदा व्हावा, आणि ही मागणी विरोधी बाकांइतकीच सत्ताधारी बाकांवरूनही यायला हवी. आज बहुमत ज्याचं आहे, तो उद्या अल्पमतात असेल. उघडं सभागृह तेव्हा त्यालाही लागेल.